पंडिता रमाबाई : मान मिळाला, मोल नंतर कळले



लातूरहून किंवा नांदेडहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की केडगाव स्टेशन लागते. (नगरजवळचे केडगाव वेगळे.) खिडकीतून पाहणाऱ्याला तिथे विशेष काही दिसत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला होता आणि त्यांना आणणारी बाई स्वतः दुष्काळातून वाचलेली होती. पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. नाव आठवते, माणूस आठवत नाही. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र जरा निवांतपणे पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष झाला आणि हे कुटुंब रानात जाऊन राहिले. पुढे पुराण सांगत तीर्थयात्रा करणे हाच त्यांचा संसार झाला. रमाबाई आईकडूनच संस्कृत शिकल्या.

मग दुष्काळ आला. आपल्या मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. पण रमाबाईंच्या घरावर जे आले त्याची कल्पना करणेही जड जाते. जवळचे सगळे संपले, दिवसचे दिवस झाडपाल्यावर काढले. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, काही आठवड्यांनी आई आणि पुढे थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली तेव्हा तिरडी उचलली गेली. रमाबाईंची उंची कमी, त्यामुळे खांदा पुरेना. त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या.

मागे राहिलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी हिंडत राहिली. थंडीत पांघरूण नसे, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डा करून अंगावर वाळू ओढून झोपत. अशी ती १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. आणि तिथे चमत्कार वाटावा असे घडले. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृत ऐकून पंडित थक्क झाले. तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. सभा, सत्कार, व्याख्याने सुरू झाली.

इथे आपण थोडे थांबू. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट या जर्मन विचारवंताची एक गोष्ट मनात बसते. त्याने वस्तूची किंमत आणि माणसाची प्रतिष्ठा यांत फरक केला. जिच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते तिला किंमत असते. माणसाच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. नवरा गेलेल्या बाईला हा हिशेब काय सांगत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. रमाबाईंना कलकत्त्यात मिळाला तो विद्येचा मान. पण शास्त्रे वाचता वाचता त्यांना दिसले की, बाईला स्वतःच्या नावाने मुक्तीची वाट तिथे सापडत नाही. हे लिहिण्यात शेजारच्या धर्माला नावे ठेवण्याचा हेतू नाही. त्यांना शिकवणारे वडील त्याच धर्माचे शास्त्री होते, हे विसरून चालणार नाही.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलांशी लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. वय तेवीस, कडेवर तान्ही मुलगी. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंड गाठले.

वाँटेज येथे त्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. त्या सिस्टरांचे लंडनमध्ये, फुलहॅमला, एक घर होते. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया तिथे राहत आणि सिस्टर त्यांची मायेने सेवा करत. रमाबाई हे पाहून हलून गेल्या. अशा बायकांना कोणी जवळ करते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना संत योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची शोमरोनी स्त्री! प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, अ वर्षात, आपण मिस्सामध्ये हाच उतारा ऐकतो. लांब आहे म्हणून कधी कधी कंटाळतोही. प्रभू येशू त्या बाईला तिचे सगळे ओळखून होता आणि तरी तिच्याशी बोलत राहिला. देवाबद्दलचे सर्वांत खोल बोलणे त्याने पंडितांशी नव्हे, तिच्याशी केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, महादूतांच्या सणादिवशी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्या कॅथलिक नव्हत्या आणि पुढेही झाल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टरांशी त्यांचे वाद होत. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असे त्या विचारत. आज आपल्याला हा प्रश्न रास्त वाटतो, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) आपण स्वतः मराठीत मिस्सा करू लागलो.

बाप्तिस्म्याने सगळे झाले, असे त्यांना वाटले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही, ही जाणीव त्यांना पुढे कित्येक वर्षे होती. १८९१ च्या सुमारास त्यांना मनाची खरी शांती लाभली. जन्माने बाप्तिस्मा मिळालेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जरा अवघडच वाटावी.

अमेरिकेत जाऊन त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई नातू, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. दुसऱ्या वर्षी सदन पुण्यात आले. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन तिथे बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली नेल्या. आमच्या मते पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. घासाच्या बदल्यात श्रद्धा मागता येत नाही, हे वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्या फादर-सिस्टरांनाही लागू आहे. पण स्वतःची प्रार्थना लपवायला रमाबाई तयार नव्हत्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. सुकलेली तोंडे कशी दिसतात हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्या स्वतः गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. फुलहॅमसारखेच कृपा सदनही तिथे निघाले. विणकाम, शेती, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना ही सगळी कामे बायका शिकल्या. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले गेले. नुसते जेवण दिले असते तरी लोकांनी नाव काढले असते; रमाबाईंना तेवढे पुरेसे वाटले नाही.

शेवटची वर्षे त्यांनी एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, कामाची वारस. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवले होते मुक्ती सदनातल्या बायकांनी.

- आपले धर्मगुरू