रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या स्नेहसंमेलनाची तारीख ठरवताना सगळ्यांनी एकमुखाने रविवार सुचवला. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी ज्यांच्यामुळे मिळाली, त्यांच्याविषयी शाळेत आपण फारसं वाचलं नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांची ही ओळख.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. काम पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत चाले, पगार वेळेवर होत नसे आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ १८८० मध्ये त्यांनी मुंबईतून चालवायला घेतलं आणि कामगारांच्या तक्रारी छापील अक्षरांत येऊ लागल्या.

१८८४ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. तिला लिखित घटना नव्हती, निधी नव्हता, सभासदांची यादीही नव्हती. तरी त्याच वर्षी फॅक्टरी कमिशनपुढे गेलेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या नेमक्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन.

मालकांनी सहजासहजी ऐकलं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

विधवांचं केशवपन करायला नाभिकांनी नकार द्यावा, यासाठीही लोखंडे झटले. १८९३ च्या दंगलीनंतर त्यांनी हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी काम केलं. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली. तेव्हा रुग्णांसाठी धावपळ करताना त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. भारत सरकारने २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे नोंद न झालेली तक्रार कधीच सुटत नाही. लोखंडे यांनी हे ओळखलं होतं. कामगारांचा संताप त्यांनी मागणी, तारीख आणि सही यांत मांडला आणि त्यामुळे तो टाळणं सरकारला आणि मालकांना अवघड गेलं. आज आमच्या क्षेत्रात रविवारीही लॅपटॉप उघडे असतात आणि जादा तासांची नोंद बहुधा कुठेच होत नाही. गिरण्या गेल्या, पण ही सुट्टी राखण्याचं काम अजून संपलेलं नाही, आणि आता ते आपल्याकडे आहे.