अल्बर्टा विल्यम्स किंग

अल्बर्टा क्रिस्टीन विल्यम्स किंग (१३ सप्टेंबर १९०४ – ३० जून १९७४) या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरातील शिक्षिका, ऑर्गनवादक व गायकवृंदाच्या संचालिका होत्या. काही नोंदींमध्ये त्यांचे जन्मवर्ष १९०३ असे आढळते. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) यांच्या त्या आई होत. अटलांटातील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चच्या संगीताची धुरा त्यांनी सुमारे चार दशके सांभाळली. त्याच चर्चमध्ये रविवारच्या उपासनेच्या वेळी ऑर्गनवर बसल्या असताना त्यांची गोळ्या झाडून हत्या करण्यात आली.

बालपण आणि शिक्षण

अल्बर्टा यांचा जन्म अटलांटा येथे झाला. त्यांचे वडील ॲडम डॅनियल विल्यम्स हे १८९४ पासून एबेनेझर चर्चचे पाळक होते. आईचे नाव जेनी सेलेस्ट पार्क्स विल्यम्स असे होते. विल्यम्स हे कृष्णवर्णीय नागरिकांच्या हक्कांसाठी झटणारे कार्यकर्ते होते. शहरातील कृष्णवर्णीय मुलांसाठी पहिली सार्वजनिक माध्यमिक शाळा १९२४ मध्ये सुरू झाली. त्या शाळेसाठी झालेल्या प्रयत्नांत त्यांचा मोठा वाटा होता. चर्च, शिक्षण आणि सामाजिक कार्य या तिन्ही गोष्टी अल्बर्टा यांना अशा प्रकारे घरातूनच मिळाल्या.

अल्बर्टा यांचे माध्यमिक शिक्षण अटलांटातील स्पेलमन सेमिनरी या संस्थेत झाले. त्यानंतर व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन संस्थेतून त्यांनी १९२४ मध्ये अध्यापनाचे प्रमाणपत्र मिळवले. त्या काळातील दक्षिण अमेरिकी संस्थानांत कृष्णवर्णीय स्त्रीला एवढे शिक्षण क्वचितच मिळत असे.

विवाह आणि कुटुंब

स्टॉकब्रिज या गावातील गरीब शेतकरी कुटुंबातून अटलांटात आलेले मायकेल किंग या तरुण धर्मोपदेशकाशी अल्बर्टा यांचा परिचय झाला. मायकेल यांची बहीण विल्यम्स कुटुंबाच्या घरी राहत असे. मायकेल यांचे औपचारिक शिक्षण तेव्हा अपुरे होते व ते त्यांनी नंतर जिद्दीने पूर्ण केले. अनेक वर्षांच्या परिचयानंतर २५ नोव्हेंबर १९२६ रोजी एबेनेझर चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला. मायकेल यांनी पुढे मार्टिन ल्यूथर किंग हे नाव धारण केले.

विवाहापूर्वी अल्बर्टा यांनी काही काळ शाळेत शिकवले होते. परंतु विवाहित स्त्रीने शिक्षिकेची नोकरी करू नये, असा स्थानिक शालेय मंडळाचा नियम होता. त्यामुळे लग्नानंतर त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांनी स्वतःचे शिक्षण मात्र थांबवले नाही. तीन मुलांचा सांभाळ करीत त्यांनी १९३८ मध्ये अटलांटातील मॉरिस ब्राऊन महाविद्यालयातून पदवी घेतली.

किंग दांपत्य अल्बर्टा यांच्या माहेरच्या घरी, ऑबर्न ॲव्हेन्यूवरील ५०१ क्रमांकाच्या घरात राहत असे. विली क्रिस्टीन (१९२७), मार्टिन ल्यूथर (१९२९) आणि आल्फ्रेड डॅनियल (१९३०) ही त्यांची तीन मुले. दिवाणखान्यात पियानो होता आणि तिन्ही मुलांना तो शिकावा लागे. मुलग्यांना या शिकवणीचा कंटाळा असे. मार्टिन यांना गाण्याची मात्र आवड होती. लहान वयातच ते आईच्या साथीने चर्चच्या कार्यक्रमांत भक्तिगीते गाऊ लागले.

मार्टिन शाळेत जाऊ लागल्यावर त्यांच्या एका गोऱ्या मित्राच्या आईवडिलांनी दोघांचे एकत्र खेळणे बंद केले. त्या वेळी अल्बर्टा यांनी मुलाला जवळ घेऊन गुलामगिरीचा, यादवी युद्धाचा आणि त्यानंतरच्या वर्णभेदाचा इतिहास समजेल अशा शब्दांत सांगितला. ही व्यवस्था निसर्गाने घडवलेली नसून माणसांनी लादलेली आहे व तो कोणाहूनही कमी नाही, हे त्यांनी मुलाच्या मनावर बिंबवले. मार्टिन यांनी पुढे आपल्या लेखनात या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. सरकारी शाळेचे दार बंद झालेल्या या शिक्षिकेने दिलेला हा बहुधा सर्वांत दूरगामी धडा होय.

चर्चमधील कार्य

१९३१ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि पती एबेनेझर चर्चचे पाळक झाले. अल्बर्टा यांनी चर्चचा गायकवृंद उभा केला. १९३२ पासून १९७२ पर्यंत, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा काही काळ वगळता, त्या चर्चच्या ऑर्गनवादक व गायकवृंदाच्या संचालिका होत्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हा गायकवृंद शहरभर परिचित झाला. चर्चच्या महिला समितीची स्थापनाही त्यांनीच केली. १९५० ते १९६२ या काळात राष्ट्रीय बॅप्टिस्ट अधिवेशनाच्या महिला शाखेच्या ऑर्गनवादक म्हणूनही त्यांनी काम केले. नागरी हक्क, स्त्रियांचे प्रश्न आणि शांतता या क्षेत्रांतील संघटनांशीही त्यांचा संबंध होता.

डिसेंबर १९३९ मध्ये ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाच्या शुभारंभानिमित्त अटलांटात केवळ गोऱ्या पाहुण्यांसाठी एक नृत्यसमारंभ झाला. त्यात एबेनेझरच्या गायकवृंदाने गुलामांच्या वेशात भक्तिगीते गायली. दहा वर्षांचे मार्टिनही गायकांमध्ये होते. या सहभागाबद्दल शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी पाळक किंग यांच्यावर टीका केली. वर्णभेदाच्या काळात प्रतिष्ठित कृष्णवर्णीय कुटुंबांनाही कोणत्या कोंडीत वावरावे लागत असे, हे या प्रसंगावरून दिसते.

चळवळीची वर्षे

१९५५ च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरी येथे बसबहिष्काराचे आंदोलन सुरू झाले आणि मार्टिन त्याचे नेते बनले. जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. तेव्हा त्यांची पत्नी कोरेटा व तान्ही मुलगी योलांडा घरातच होत्या. पुढच्याच महिन्यात मार्टिन यांच्यावर खटला दाखल झाला. मुलाच्या काळजीने अल्बर्टा यांची प्रकृती इतकी ढासळली की डॉक्टरांनी त्यांना विश्रांती घेण्यास सांगितले. वडिलांनी मुलाला परत न जाण्याविषयी पुष्कळ समजावले, पण त्याचा निर्धार पाहून तेही त्याच्यासोबत माँटगोमेरीला गेले.

१९६० मध्ये मार्टिन एबेनेझरचे सहपाळक म्हणून अटलांटाला परतले आणि त्यांची मुले आजीच्या सहवासात वाढू लागली. अल्बर्टा यांना तिन्ही मुलांकडून एकूण ११ नातवंडे होती. ‘मामा किंग’ या नावाने त्या परिचित होत्या.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे मार्टिन यांची हत्या झाली. त्यानंतर आल्फ्रेड डॅनियल हे एबेनेझरचे सहपाळक झाले, पण २१ जुलै १९६९ रोजी ते आपल्या घरच्या जलतरण तलावात मृतावस्थेत आढळले. अवघ्या सोळा महिन्यांच्या आत दोन्ही मुलगे गमावल्यानंतरही अल्बर्टा यांचे चर्चमधील काम चालूच राहिले.

हत्या

३० जून १९७४ रोजी रविवारच्या सकाळच्या उपासनेत अल्बर्टा ऑर्गनवर प्रभूची प्रार्थना वाजवत होत्या. त्या सुमारास ओहायो राज्यातून आलेल्या मार्कस वेन शेनॉल्ट या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने उठून गोळीबार सुरू केला. त्यात अल्बर्टा आणि चर्चचे डीकन एडवर्ड बॉयकिन यांचा मृत्यू झाला व आणखी एक स्त्री जखमी झाली. सर्व ख्रिस्ती लोक आपले शत्रू आहेत, अशी शेनॉल्टची धारणा होती. पाळक किंग यांना मारण्याचा त्याचा बेत होता. परंतु अल्बर्टा जवळ असल्याने त्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, असे त्याने सांगितले.

न्यायालयाने शेनॉल्टला मृत्युदंड सुनावला. किंग कुटुंबाचा मृत्युदंडालाच विरोध होता. काही अंशी या भूमिकेमुळे १९९५ मध्ये त्याची शिक्षा बदलून जन्मठेप करण्यात आली. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. पत्नी व मुलगा दोघांचीही हत्या झाली असताना पाळक किंग यांनी मारेकऱ्यांविषयी द्वेष न बाळगण्याची भूमिका जाहीरपणे मांडली. १९७५ मध्ये ते पाळकपदावरून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोघांचे दफन अटलांटातील साउथ व्ह्यू दफनभूमीत करण्यात आले आहे.

वारसा

अल्बर्टा यांच्या मुलीने, क्रिस्टीन किंग फॅरिस यांनी, आईचा अध्यापनाचा वारसा पुढे चालवला. ज्या स्पेलमनमध्ये आई शिकली, तेथेच त्यांनी अनेक दशके प्राध्यापक म्हणून काम केले. ऑबर्न ॲव्हेन्यूवरील घर आणि एबेनेझर चर्चची जुनी वास्तू आज मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहेत.

अल्बर्टा यांची ओळख दीर्घकाळ मुलाच्या चरित्रातील काही ओळींपुरतीच मर्यादित राहिली. २०२१ मध्ये ॲना मलाइका टब्स यांनी मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स आणि जेम्स बाल्डविन यांच्या मातांवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांच्या स्वतंत्र जीवनकार्याकडे वाचकांचे लक्ष वेधले गेले.