रुग्णालयाच्या नकाशावर झुकलेला दिवा

हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु क्रिमियाच्या युद्धकाळातील ती सेवा म्हणजे त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातील अवघी पावणेदोन वर्षे होत. त्यानंतरची कितीतरी वर्षे त्यांनी नकाशे, मोजमापे आणि आकडे यांच्या संगतीत घालविली. रुग्णालय बांधावे कसे, हा त्यांच्या चिंतनाचा एक प्रमुख विषय होता.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ साली, देवाने आपल्याला सेवेसाठी पाचारण केले आहे अशी त्यांची खात्री झाली. कुलीन घरातील कन्येने परिचारिका व्हावे हे त्या काळी कोणास रुचणारे नव्हते. घरच्यांचा विरोध त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे, पाळक फ्लीडनर यांनी स्थापिलेल्या सेविकांच्या संस्थेत, त्यांना शिक्षण घेता आले.

नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील रुग्णालय म्हणजे सैनिकांची जुनी बराक होती. खाली तुंबलेली गटारे होती आणि वर कोंदटलेली हवा होती. परिचर्येत कसूर नव्हती, तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस मृत्यू पावत होते. मार्च महिन्यात सरकारने पाठविलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ केली व हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शंभरी दोनवर आले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासमवेत त्यांनी सर्व आकडे तपासले, तेव्हा या गोष्टीचा पूर्ण अर्थ त्यांच्या ध्यानी आला. ज्या इमारतीत प्राण वाचावयाचे, तिनेच ते घेतले होते. हे शल्य त्यांच्या अंतःकरणात जन्मभर राहिले.

१८५६ साली इंग्लंडमध्ये नेटली येथे भव्य लष्करी रुग्णालयाचे बांधकाम सुरू झाले होते. राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते कोनशिलाही बसली होती. नाइटिंगेलबाईंनी नकाशा पाहिला. लांबच लांब बंद मार्गिका आणि तिच्या कडेने लहान खोल्या, अशी ती रचना होती. एका खोलीतील दूषित हवा दुसरीत जाणार हे ओळखून त्यांनी पंतप्रधान पामर्स्टन यांचे मन वळविले. तथापि पुष्कळ पैसा आधीच खर्ची पडल्याने मूळ योजना बदलली नाही. पाया घातल्यावर दिलेला सल्ला, कितीही योग्य असला तरी, भिंती हलवू शकत नाही, हा धडा त्यांनी घेतला.

म्हणून १८५९ साली त्यांनी रुग्णालयांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णालयाने प्रथम रुग्णास अपाय करू नये, हे त्याचे मुख्य सूत्र होते. एकमेकांपासून सुटे असे दालनांचे विभाग, प्रत्येक दालनात सुमारे ३० खाटा आणि समोरासमोर उंच खिडक्या, अशी मांडणी त्यांनी सुचविली. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा प्रस्थापित झाले नव्हते आणि दूषित हवेमुळेच रोग होतात ही त्यांची समजूत पुढे टिकली नाही. तरी प्रकाश, स्वच्छता आणि खाटांतील अंतर यांवरील त्यांचा भर हितकारकच ठरला. वुलविच येथील हर्बर्ट रुग्णालय १८६५ साली याच पद्धतीने उभे राहिले.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाची जागा रेल्वेसाठी गेली, तेव्हा नव्या जागेचा वाद पेटला. अपघाताचे रुग्ण वगळता इतरांना शहरातील कोंदट जागेपेक्षा दूरची मोकळी हवा बरी, असे नाइटिंगेलबाईंचे मत होते. जागेबाबत त्यांचे म्हणणे पूर्णतः मान्य झाले नाही. मात्र १८७१ साली थेम्सच्या तीरावर उघडलेले नवे रुग्णालय सुट्या विभागांच्या रचनेचेच होते.

त्यांची खरी कसोटी निराळ्याच ठिकाणी लागली. किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीच्या साहाय्याने प्रसूतिकक्ष चालत असे. तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा १८६७ साली तो बंद करण्यात आला. नाइटिंगेलबाईंनी मग माहिती गोळा केली आणि घरी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा प्रसूतिगृहांत अधिक स्त्रिया मृत्यू पावतात, हे १८७१ साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवले. स्वतःच्या नावाशी जोडलेल्या कार्यालाही त्यांनी तीच मोजपट्टी लावली.

गरिबांच्या आश्रयगृहांत आजारी, वेडसर आणि मुले यांना एकत्र कोंबलेले असे. या सर्वांसाठी निरनिराळी गृहे असावीत आणि त्यांचा खर्च साऱ्या नगराने सामाईक करातून उचलावा, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला. १८६७ च्या लंडनविषयक कायद्यात त्यांच्या सर्व मागण्या आल्या नाहीत, पण सार्वजनिक खर्चाने गरिबांची रुग्णालये बांधण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, तरी येथील लष्कराच्या आरोग्याविषयीच्या १८६३ च्या शाही अहवालामागे त्यांचे अपार परिश्रम होते. यांतील बहुतेक कार्य त्यांनी आजारपणात, खोलीबाहेर क्वचितच पडून केले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी नाकारला आणि ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली.

आपल्या देशात ख्रिस्ती मंडळ्यांनी अनेक रुग्णालये उभारली व चालविली. नवी इमारत बांधताना देणगीदारांच्या नावाची फरशी कोठे बसवावी याचा विचार होतो. प्रत्येक खाटेपर्यंत उजेड पोहोचेल काय, आणि येथून किती जण बरे होऊन घरी जातील, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. शुभवर्तमानातील शहाण्या मनुष्याने घराचा विचार पायापासून केला. नाइटिंगेलबाईंची करुणाही पाया खणण्यापूर्वीच जागी होत असे.