श्री साईबाबा : मेघा आणि भागोजी



कोसाडहून शिर्डीस गेलेला भाविक परतताना उदीची पुडी आणतोच. ती उदी ज्या हातांनी दिली जात असे, त्या हातांचे स्मरण येथे करावयाचे आहे.

शिर्डीच्या पडक्या मशिदीत बाबा राहिले. तिला त्यांनी द्वारकामाई म्हटले, तेथे धुनी अखंड पेटती ठेवली. मुखी मात्र अल्लाचे नाम असे. प्रारंभी ते वैद्याप्रमाणे औषधे देत. पुढे औषधे थांबली आणि धुनीची उदीच रुग्णांना मिळू लागली. देणाऱ्याने घेणाऱ्याचा धर्म कधी विचारला नाही. अडचण असे ती घेणाऱ्याच्या मनात.

आपल्या गुजरातेतील विरमगावच्या मेघाचेच पाहा. रावबहादूर साठे यांनी या शिवभक्त ब्राह्मणास शिर्डीस धाडले. पण बाबा मुसलमान आहेत असे वाटेत कानी पडताच त्याचे मन शंकित झाले. बाबांनी ते ओळखून त्याला प्रथम मशिदीची पायरी चढू दिली नाही. काही काळ त्र्यंबकेश्वरी राहून तो परतला, तो मात्र कायमचा. बाबांनाच शंकर मानून त्याने बेलपत्रे वाहिली, गोदावरीचे पाणी पायी चालत आणले. १९१२ साली तो शिर्डीतच वारला, तेव्हा बाबा ग्रामस्थांसह त्याच्या अंत्ययात्रेस गेले.

भागोजी शिंदे यांची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. भागोजी महारोगी होते. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते (आज आहे, व सरकारी दवाखान्यांत ते विनामूल्य मिळते), आणि अशा रुग्णाच्या सावलीसही लोक भीत. १९१० च्या धनत्रयोदशीस बाबांनी अकस्मात धुनीत हात घातला. दूर कोठे लोहाराचे मूल भट्टीत पडले, त्याला वाचविण्यासाठी हे केले, असे चरित्रात आहे. हात चांगलाच भाजला. नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉ. परमानंद यांना घेऊन आले. बाबांनी त्यांच्याकडून उपचार करून घेतला नाही. तो मान त्यांनी भागोजींना दिला. भागोजी रोज तूप चोळीत, वर पान ठेवून पट्टी बांधीत.

चमत्कार आपण आवडीने सांगतो. येथे चरित्रकार हेमाडपंत मात्र भागोजींच्या रोगमुक्तीची नव्हे, तर त्यांच्या सेवेच्या भाग्याची थोरवी गातात. जखम भरून आली तरी ही पट्टी चालूच राहिली. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीस, बाबांनी देह ठेवीपर्यंत तो हात भागोजींच्याच हाती होता.