मूल शाळेत का येत नाही? शिक्षिकांना हे शोधायला शिकवणाऱ्या ताराबाई मोडक

यवतमाळमधला कोलाम पोड असो की मुंबईतली वस्ती, 'अंगणवाडी' हा शब्द सगळीकडे ओळखीचा आहे. पण शाळाच मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजवली ती ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर यवतमाळशेजारच्या अमरावतीत आल्या. तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळात स्त्रीसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे राजकोटला त्यांनी शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेची जबाबदारी घेतली. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करू लागल्या. माँटेसरी पद्धत त्या तिथे शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, तर १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार.

बोर्डीत काय घडलं?

१९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात.

मुलांना शिकायचंच नाही, असं म्हणून हा विषय संपवता आला असता. ताराबाईंनी मात्र मुलं का येत नाहीत, याचा शोध घेतला. लहानांना इतक्या लांब चालणं जमत नव्हतं. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं होतं. मुलं गुरांमागे रानात जात होती.

मग प्रत्येक कारणाला वेगळा उपाय निघाला. लहानांसाठी पाड्यावरच अंगणवाडी भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे ताई वर्गात आणि भावंडं शेजारीच. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साहित्याऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले वापरले गेले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं.

शिक्षिकांचं प्रशिक्षण का महत्त्वाचं?

ही कारणं वर्गात बसून दिसत नाहीत. म्हणून बालशिक्षिका तयार करणं हा या कामाचा कणा होता. मुलाला गाणी-गोष्टी शिकवण्याइतकंच त्याचं घर, आरोग्य आणि स्वच्छता पाहणं शिक्षिकेचं काम ठरलं. तेही मूल पहिलीत जाण्याआधी, म्हणजे गळती सुरू होण्यापूर्वीच.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आजही ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आई-बापांसोबत मुलं गाव सोडतात. हजेरीपटावर फक्त 'गैरहजर' लिहिलं जातं. त्या शेऱ्यामागचं कारण वेळेत शोधलं, तर ते मूल शाळेत टिकू शकतं. बोर्डीच्या पाड्यांवर ताराबाईंनी नेमकं हेच करून दाखवलं होतं.