टाकलेल्या बाळांचे वडील : संत विन्सेंट डी पॉल

२७ सप्टेंबर हा संत विन्सेंट डी पॉल यांचा स्मरणदिन. आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव ठाऊक आहे ते चर्चच्या दाराजवळ ठेवलेल्या पेटीमुळे. गोरगरिबांसाठीची पेटी एवढे आपल्याला कळते, मिस्सा संपली की आपण तिच्यात एखादी नोट टाकतो आणि घरी जातो. पेटीवरचे नाव ओळखीचे, पण तो माणूस कोण होता हे विचारले तर आपण गप्प. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे.

फ्रान्सच्या नैऋत्य भागात, डाक्स शहराजवळच्या पुई या खेड्यात १५८१ च्या सुमारास विन्सेंटचा जन्म झाला. सहा भावंडे, थोडीशी शेती. लहानपणी त्याने गुरे राखली. पोरगा हुशार, म्हणून वडिलांनी त्याला डाक्सला शिकायला ठेवले आणि पुढच्या शिक्षणासाठी घरची बैलजोडी विकली. शेतकऱ्याने बैलजोडी विकायची म्हणजे काय, हे आम्ही आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

एकदा वडील मुलाला भेटायला शाळेत आले. पायाने अधू, अंगावर साधे कपडे. मुलाला लाज वाटली आणि तो बाहेर आलाच नाही. वडील तसेच परत गेले. म्हातारपणी विन्सेंट स्वतःच हा प्रसंग सांगत आणि आपला अपराध कबूल करीत. आम्हाला वाटते, त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते. गरिबीची किळस काय असते हे या संताला आतून ठाऊक होते.

१६०० साली, अवघ्या १९ व्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा मनात सेवा वगैरे फारशी नव्हती. चांगल्या उत्पन्नाची जागा मिळावी, घरच्यांना सुख द्यावे, एवढेच स्वप्न. समुद्री चाच्यांनी त्यांना पकडून ट्यूनिसमध्ये गुलाम म्हणून विकल्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. ती त्यांच्याच पत्रांत आहे, पण तिच्या खरेपणाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, म्हणून आम्ही ती बाजूला ठेवतो.

खरे वळण आले १६१७ साली, शातियों या गावात. ऑगस्टमधला रविवार. मिस्सेची वस्त्रे घालत असताना कोणीतरी येऊन सांगितले की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत, पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. विन्सेंट यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारनंतर ते स्वतः निघाले तर रस्त्यावर बायांची रांगच लागलेली! कोणी अन्न देऊन परतत होती, कोणी उन्हामुळे झाडाखाली टेकली होती. दुसरा एखादा धर्मगुरू एवढ्यावर खूश झाला असता. विन्सेंट मात्र विचारात पडले. आज या घरात एवढे अन्न आले की त्यातले बरेच नासणार, आणि परवा ही माणसे पुन्हा उपाशी. लोकांजवळ दया भरपूर होती, नव्हती ती व्यवस्था.

तीनच दिवसांत त्यांनी गावातल्या स्त्रियांना एकत्र बसवले आणि पाळी लावून दिली. आजच्या दिवशी स्वयंपाक कोणी करायचा, घेऊन कोणी जायचे, हिशेब कोणी ठेवायचा, सगळे लिहून काढले. त्या नियमावलीत एक बारीकशी गोष्ट आहे. ज्या आजाऱ्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे, आणि ज्याला कोणीच नाही त्याच्याकडे शेवटी, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येईल. नियम लिहितानासुद्धा एकट्या माणसाचा विचार करणारा हा धर्मगुरू होता.

पुढे पॅरिसमध्ये हेच काम वाढले. १६२५ साली खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगणाऱ्या धर्मगुरूंचा संघ त्यांनी स्थापन केला. १६३३ साली लुईज द मारियाक या विधवा स्त्रीच्या साहाय्याने सेवाभगिनींचा संघ उभा राहिला. यातल्या पहिल्या मुली बहुतेक खेड्यातल्या. मार्गरेट नासो ही तर गुराखीण, स्वतःच अक्षरे शिकलेली. प्लेगच्या रोग्याची सेवा करताना तिलाच प्लेग झाला आणि ती गेली.

आता टाकलेल्या बाळांविषयी. पॅरिसमध्ये दरवर्षी शेकडो तान्ही मुले चर्चच्या पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला सोडलेली सापडत. त्यांना एका घरात नेत. तिथे दूध पुरत नसे. रडू नये म्हणून बाळांना गुंगीचे औषध देत. काही बाळे तर भिकाऱ्यांना किरकोळ पैशांत विकली जात. वाचणारे जवळजवळ कोणीच नसे. शहराला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ही पापाची मुले, त्यांच्याकडे कोण बघणार?

१६३८ साली विन्सेंट आणि लुईज यांनी चिठ्ठ्या टाकून १२ मुले निवडली, कारण सगळ्यांना घेण्याइतके पैसे नव्हते. त्या चिठ्ठ्या उचलणाऱ्या हातांना काय वाटले असेल! दोन वर्षांनी त्यांनी सगळीच मुले घ्यायचे ठरवले. लुईज स्वतः विवाहबाह्य संबंधातून जन्मलेली, आईविना वाढलेली. तिला या मुलांविषयी वेगळे सांगावे लागले नाही. बाळांना दूध पाजण्यासाठी खेड्यांतल्या दायांकडे ठेवत आणि सिस्टर घरोघर जाऊन ती नीट आहेत ना हे पाहत. बर्फात बाळाला कुशीत घेतलेले विन्सेंट आपण चित्रांत पाहतो. चित्र सुंदर आहे, पण या बायांची पायपीट त्यात येत नाही.

काही वर्षांतच पैसे संपले. देशात युद्ध, महागाई. खर्च उचलणाऱ्या श्रीमंत स्त्रिया थकल्या आणि काम थांबवावे असे बोलू लागल्या. विन्सेंट यांनी त्यांना बोलावले. रागावले नाहीत. तुम्ही आजवर या मुलांच्या आया होतात, आता न्यायाधीश व्हा आणि ती जगावीत की मरावीत याचा निकाल इथेच द्या, अशा अर्थाचे काही ते बोलले. निकाल मुलांच्या बाजूने लागला. काम चालू राहिले.

२७ सप्टेंबर १६६० रोजी पॅरिसमध्ये विन्सेंट यांनी देह ठेवला. लुईज त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. १७३७ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

पेटीवर त्यांचे नाव आले ते १८३३ नंतर. त्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम हा २० वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र गरीब कुटुंबांना भेटू लागले. कोणत्या घरी जायचे, कसे बोलायचे, हे त्यांना रोझाली रांदू या सिस्टरने शिकवले. ती विन्सेंट यांच्याच संघातली. आजही सोसायटीचे सभासद दोघे-दोघे मिळून घरी जातात, बसतात, चौकशी करतात, आणि मग तांदळाचे किंवा मुलांच्या फीचे बघतात. पेटीतली आपली नोट त्यांच्याबरोबर त्या घरापर्यंत पोहोचते.