मोलिएर : हसवण्याचं काम गंभीरपणे घेणारा नाटककार



स्नेहसंमेलन जवळ आलं की आपण ऐतिहासिक नाटिका आधी ठरवतो आणि उरलेल्या वेळात बसेल असं एखादं प्रहसन घेतो. विनोद म्हणजे तोंडी लावणं, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. आज ज्याची ओळख करून द्यायची आहे, त्या मोलिएरलाही तरुणपणी शोकनाट्याचीच ओढ होती.

त्याचा जन्म १६२२ साली पॅरिसमध्ये झाला. खरं नाव झाँ-बाप्तिस्त पोकलँ. वडील राजवाड्याच्या गाद्या-पडद्यांचं काम सांभाळत. दहा वर्षांचा असताना आई गेली. शिक्षण चांगल्या शाळेत झालं, वडिलांची जागाही तयार होती. पण एकविसाव्या वर्षी पोराने सगळं सोडून नाटक मंडळी काढली. दोन वर्षांत ती कर्जात बुडाली आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. (पालकहो, त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा.) पुढची बारा-तेरा वर्षं गावोगाव खेळ करण्यात गेली.

१६५८ मध्ये चौदाव्या लुई राजासमोर खेळ करायची संधी आली. मंडळींनी आधी एक भारदस्त शोकनाटक केलं. त्यानंतर मोलिएरने स्वतः लिहिलेलं छोटंसं प्रहसन सादर केलं. राजाला आवडलं ते प्रहसन! पॅरिसमध्ये नाट्यगृह मिळालं ते त्या हसण्यामुळेच.

१६६२ च्या 'बायकांची शाळा' या नाटकात एक माणूस पोरीला लहानपणापासून मुद्दाम अडाणी ठेवतो. शिकलेली बायको आपल्याला फसवेल, ही त्याची भीती. आणि तीच भाबडी पोरगी, मनातलं सगळं त्यालाच सांगत सांगत, त्याच्या हातातून निसटते. मुलींच्या शिक्षणावर एवढं नेमकं भाष्य एखाद्या व्याख्यानाला तरी जमेल का?

खरा वाद पेटला तो १६६४ च्या 'तार्त्युफ'वरून. ओर्गों नावाचा घरंदाज गृहस्थ एका ढोंगी धार्मिक माणसाला घरी आणून ठेवतो. त्याच्यापायी मुलाला घराबाहेर काढतो, मुलीचं लग्न त्याच्याशी लावायला निघतो, मालमत्ताही लिहून देतो. गंमत बघा, हा तार्त्युफ तिसऱ्या अंकापर्यंत रंगमंचावर येतच नाही. तोवर आपण बघतो ते फक्त ओर्गोंला. माझ्या मते नाटकाचं मर्म तिथेच आहे. भोंदू काय, सगळीकडे असतात. शहाणासुरता माणूस फसायला इतका आतुर का असतो, हा मोलिएरचा प्रश्न आहे. शेवटी बायको नवऱ्याला टेबलाखाली लपवून त्या ढोंग्याचं खरं रूप ऐकवते, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात. आणि मग त्याची स्वतःची आईच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही! प्रेक्षक पोट धरून हसतात, पण तो प्रसंग तत्त्वज्ञानाच्या तासालाही चालेल असा आहे.

धर्ममार्तंड खवळले. या माणसाला जाळायला हवं, असंही एका धर्मगुरूने लिहिलं. राजाला नाटक आवडलं होतं, तरी बंदी घालावी लागली. १६६७ मध्ये नाव आणि मजकूर बदलून केलेला प्रयोगही एका दिवसात बंद पडला. ते बघणाऱ्याला बहिष्कृत करण्याची धमकी पॅरिसच्या आर्चबिशपने दिली. मोलिएर राजाकडे अर्ज करत राहिला. परवानगी मिळाली १६६९ मध्ये, आणि नाट्यगृह तुडुंब भरलं.

मधल्या काळात त्याने बाकीची नाटकं लिहिलीच. त्यातल्या 'कंजूष'वरूनच आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' बेतलं, हे मराठीच्या शिक्षकांना ठाऊक असेल.

शेवटचं नाटक १६७३ चं. त्यात काहीही झालेलं नसताना स्वतःला आजारी समजणारा माणूस आहे, मरणाच्या भीतीने वैद्यांपुढे लाचार झालेला. ती भूमिका मोलिएर स्वतः करायचा, आणि त्याला तर खरोखरचा खोकल्याचा जुना आजार होता. १७ फेब्रुवारीला चौथ्या प्रयोगात त्याला झटका आला. त्याने तो हसण्यात लपवला आणि प्रयोग पुरा केला. त्याच रात्री घरी त्याचा मृत्यू झाला.

नटाचा धंदा सोडल्याची कबुली दिल्याशिवाय नटाला पवित्र भूमीत पुरायला चर्चची मनाई होती. बायकोने राजाकडे धाव घेतली, तेव्हा रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता दफन करण्याची मुभा मिळाली. जिवंतपणी फ्रेंच अकादमीने त्याला सदस्य केलं नव्हतं. शंभरेक वर्षांनी, १७७८ मध्ये, त्याचा अर्धपुतळा मात्र बसवला. त्या शेवटच्या प्रयोगात तो ज्या खुर्चीत बसला होता, ती पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेज या नाट्यसंस्थेने आजही जपून ठेवली आहे.